भिंतीवरची हजेरी

इंदूबाई गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. श्रावण सरत आला होता. नगरहून येणारी दुपारची गाडी फाट्यावर थांबली आणि तो दारातूनच ओरडला, ‘गुरुजी, तुमच्या शाळंतल्या त्या भिंगारच्या बाई... राजूरकडं बदली झालेल्या... त्या वारल्या म्हनं. विषमज्वरानं.’ घंटीची दोरी ओढून तो पुढं गेलासुद्धा. मी फाट्यावर उभा राहिलो. रडू आलं ते फार नंतर, आधी आला तो संताप. पाच-सहा आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं. गोड बोलणारे मला शोकसभेत भेटले. मी जे झालं ते लिहितो, कारण त्यातलं बरंचसं माझ्याच हातून झालं.

आमची शाळा पाथर्डीच्या पूर्वेला, पार बीडच्या हद्दीला लागून. दोन खोल्या, दोन शिक्षक. एकाहत्तरच्या जूनमध्ये बाई रुजू झाल्या. त्यांचे वडील भिंगारला लष्कराच्या कारखान्यात पेंटर होते, गाड्यांवर नंबर टाकायचे. त्यांच्या शेजारी बसून बाई लहानपणीच ब्रश धरायला शिकल्या. वडील गेल्यावर घरात आई आणि ही एकुलती लेक. लग्न का केलं नाही, ते मी कधी विचारलं नाही. आवाज बारीक, चाल भरभर, आणि कुणी ‘असंच असतं’ म्हणालं की कपाळावर आठी ठरलेली.

ती आठी मी पहिल्यांदा पाहिली दिवाळीनंतर. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घालून माणसं कारखान्यांच्या तळांवर निघतात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. शाळा उघडली त्या दिवशी बाई हजेरीपुस्तक घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

‘गुरुजी, वर्गात चौदा पोरं बसलीत आणि पुस्तकात सगळी हजर कशी?’

‘बाई, हजेरी घसरली तर एक शिक्षक कमी होतो. तुमचीच जागा जाईल. वरूनही कुणाला खरी हजेरी नको असते... असंच असतं.’

बाईंच्या कपाळावर आठी पडली. पुढच्या रविवारी त्यांनी शाळेची रस्त्याकडची भिंत पांढरी करून घेतली आणि तिच्यावर रेघा मारायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाची जूनपासूनची एक आडवी पट्टी, शाळेचा एक दिवस म्हणजे एक बोट. मूल शाळेत असेल ते दिवस कपड्याच्या निळीनं निळे, ऊसतोडीला असेल ते गेरूनं तांबडे. आईबापांना नाव वाचता येणार नाही, म्हणून पट्टीच्या सुरुवातीला एकेक खूण काढली. कुणाचा बैल, कुणाची संबळ, कुणाचं बोराचं झाड. मंगल नावाच्या मुलीची शेळी, कारण ती शेळी घेऊनच शाळेच्या दारापर्यंत यायची. मला वाटलं, बाईंना चित्रांची हौस आहे.

चैत्रात गाड्या परत आल्या तेव्हा कळलं ते काय होतं. मंगलचा बाप किसन पाण्याची घागर खांद्यावर घेऊन त्या भिंतीपुढं उभा राहिला. जन्मात त्यानं अक्षर वाचलं नव्हतं.

‘बाई, ही शेळी म्हंजी आमची मंगल न्हवं का?’

‘हो दादा.’

‘निळं एवढुसं... आन् तांबडं केवढं लांब हाय!’ त्यानं घागर खाली ठेवली आणि तांबड्यावरून बोट फिरवत भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेला. ‘आमाला वाटायचं, चार म्हैने पोर संगं आलं तर काय हुतंय. हे लई दिस झालं की वं.’

बारा वर्षं मी हजेरी लिहीत होतो. ती वाचून एकाही बापाला असं वाटलं नव्हतं. वाटणार कसं? ती कपाटात होती, आणि खोटी होती.

त्या साली पाऊस झालाच नाही. बहात्तरचा दुष्काळ इथं कुणाला सांगायला नको. तरी त्या दिवाळीला बाई घरोघर फिरल्या. मागं राहणाऱ्या घरांनी रोज एकेक भाकरी शाळेत द्यायची आणि तोडीला जाणाऱ्यांनी पोरांना गावातच चुलत्याकडे, मावशीकडे ठेवायचं. ज्या गावात दाणा मिळत नव्हता तिथं लोकांनी हे मान्य केलं, कारण भिंत सगळ्यांनी पाहिली होती. अकरा मुलं राहिली. भिंतीवर अकरा पट्ट्या दिवाळीच्या पुढं निळ्याच्या निळ्या गेल्या. मंगल मात्र राहिली नाही. तिच्या पाठीवर तान्हा भाऊ होता. किसन मान खाली घालून म्हणाला, ‘ही ऱ्हायली तर लेकराला कोन धरंल, बाई? तिची आई कोयता धरंल का लेकरू?’

पौषात तळावरून एक गाडीवान आला तो मंगलची बातमी घेऊन. ताप आला, दोन दिवसांत गेली. त्या दिवशी बाईंनी कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडून तेलात कालवली आणि शेळीच्या पट्टीवर बोटभर काळं लावलं. त्याच्यापुढं भिंत पांढरीच ठेवली. आणि मी काय केलं? हजेरीपुस्तकात मंगलपुढं ‘ह’ लिहिला. दुसऱ्या दिवशीही लिहिला. महिनाभर ती मेलेली पोर माझ्या पुस्तकात रोज शाळेत येत होती.

फाल्गुनात कळलं की मुंबईहून मोठी मंडळी रस्त्याचं दुष्काळी काम बघायला येणार. शाळा रस्त्यावरच. म्हणून आधी आमचे तपासणीचे साहेब आले. जीपमधून उतरले आणि भिंतीपुढंच थबकले.

‘हे चित्र कुणी काढलं?’

‘चित्र नाही साहेब, हजेरी आहे,’ बाई म्हणाल्या.

‘हजेरी कपाटात असते.’

‘कपाटातली खोटी आहे.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी शेळीची पट्टी कुणाची ते विचारून घेतलं, पुस्तक मागवलं, भिंतीवरच्या काळ्या बोटाशी धरलं आणि शांतपणे मिटलं. त्यांना सगळं समजलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्या मुलीचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. ‘सोमवारपर्यंत भिंत स्वच्छ पाहिजे. पाहुण्यांना हे असलं दाखवायचं?’ बाई म्हणाल्या, ‘मी पुसणार नाही.’ साहेब म्हणाले, ‘तुम्हाला कोण सांगतंय?’

मला सांगत होते. आणि मी ऐकलं. रविवारी भर दुपारी, बाई भिंगारला आईकडे गेलेल्या असताना, मी चुना कालवला आणि कुंचा घेतला. वरच्या रांगेपासून सुरुवात केली. संबळ गेली, बैल गेला. शेळीपाशी आलो तेव्हा हात थांबला, असं लिहायला मला आवडलं असतं... थांबला नाही. माझी नोकरी होती, घरात चार तोंडं होती. भित्र्या माणसाला कारणांचा दुष्काळ कधीच पडत नाही.

सोमवारी बाई आल्या. भिंतीपाशी गेल्या, चुन्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘पाडव्याला किसन येईल. त्याला काय दाखवू, गुरुजी?’

किसन आला. बायको दारात, पाठीशी तान्हं. तो सरळ भिंतीकडे गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत फिरला आणि मग मला म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या मंगलची रेघ कुटं हाय? तेवढी बगावी म्हनून आलो.’ त्याला पोरीचं दुसरं काही मागं राहिलेलं नव्हतं. तळावरच माती दिली होती. बाईंनी त्याला आत नेलं, पाटीवर शेळी काढून दिली. पाटी घेऊन तो घरी गेला.

जूनमध्ये बाईंच्या बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला, राजूरच्याही वर डोंगरात. कारण लिहिलं होतं, ‘शालेय सोयीसाठी’. पावसाळ्यात त्या वाडीची वाट बंद होते. बाईंना ताप आला तेव्हा ओढ्याला पूर होता. लोकांनी बाजल्यावर घालून त्यांना खाली आणायला तीन दिवस लागले. डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

शोकसभा तालुक्याच्या गावी झाली. साहेबांनी हार घातला आणि म्हणाले, इंदूबाई म्हणजे कलेतून शिक्षण देणारी आदर्श शिक्षिका, त्यांच्या कल्पक भित्तिचित्रांची आठवण आम्हाला सदैव राहील. मी उठलो. म्हणालो, ‘ती भिंत मी पुसली. साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून पुसली. तिच्यावर एक मेलेली मुलगी होती आणि माझ्या पुस्तकात तीच मुलगी हजर होती. दोन्ही तुम्ही पाहिलं होतं.’ कुणीतरी माझा सदरा ओढला. साहेब म्हणाले, ‘गुरुजींना दुःख अनावर झालंय,’ आणि सभा पुढं चालू झाली. आठवड्यानं मला खुलासा मागणारी नोटीस आली. खुलासा लिहून दिला. पहिल्यांदाच खरा.

मग भिंगारला बाईंच्या आईकडे गेलो. राजूरहून आलेलं सामान नुकतंच पोचलं होतं. त्यात ड्रॉइंगचे चार कागद खळीनं जोडून केलेला एक मोठा कागद निघाला. त्या वाडीतली मुलं, त्यांच्या खुणा... खेकडा, मोहाचं पान, घोंगडी. सगळ्यांच्या वर एक पट्टी स्वतः बाईंची होती. तिची खूण ब्रश. पावसाळ्यात शिक्षक वर येतच नाहीत, ही तिथल्या लोकांची तक्रार. म्हणून त्यांनी स्वतःलाच पहिल्यांदा रंगवलं होतं.

आईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. ‘ही वरची इंदूची व्हय? सगळी निळी हाय... हितं फिकी का झाली?’

‘आजारी पडल्या असतील. नीळ पातळ केलीय. अर्धा दिवस शिकवलं असेल.’

‘म्हंजी तापात बी गेली.’ बोट पुढं सरकलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं. मग खाली उतरलं. ‘आन् ही पोरांची तिच्याबी पुढं कशी गेली?’

खरंच गेली होती. बाईंची पट्टी संपल्यावरही मुलांच्या पट्ट्या पुढं दोन दिवस निळ्या होत्या. रेघेबाहेर गेलेला, बोटांनी फासलेला रंग होता तो. शिकवायला कुणी नसताना पोरं आली होती आणि आपापली हजेरी लावून गेली होती.

‘आता तिथं कोन हाय?’ आईंनी विचारलं.

‘कुणी नाही.’

त्यांनी मला खिळे आणायला पाठवलं. कागद आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. कुणी आलं की म्हातारी आधी उजवीकडची ती वीतभर कोरी जागा बोटानं दाखवते, मग पाणी विचारते.