बाजूच्या बेडवरचा हत्ती

या सदरातले न उलगडणारे अनुभव मी आजवर वाचत आलो ते हसण्यासाठी. राग मानू नका, पण खरं तेच सांगतो. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, उतारे हे सगळं वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं आणि मीही ते कधी आत येऊ दिलं नाही. त्यात सगळी नोकरी सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून गेली. समोरचा काहीही सांगो, मी म्हणायचो, कागद दाखवा. आज मीच सांगायला बसलोय आणि माझ्याकडे एकही कागद नाही...

मी यवतमाळला लोहाऱ्यात राहतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा पुण्याला. थोरली बहीण नेरला एकटी असते. तिला मी बाई म्हणतो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. आता आमच्या पिढीतले आम्ही दोघंच उरलो आहोत.

दुसरी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला गाडी लागते. लहानपणी आम्ही दिग्रसला होतो, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दिग्रसहून यवतमाळला निघालं की दारव्हा यायच्या आत माझी पहिली उलटी ठरलेली. बाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. एका हाताने माझं कपाळ धरायची, दुसऱ्या हाताने अर्धं लिंबू नाकाशी. तिला स्वतःला मात्र आयुष्यात कधी काही लागलं नाही. एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसून ती चिवडा खाऊ शकते. मी साठीला आलो तरी खिशात लिंबू ठेवल्याशिवाय बसमध्ये चढत नाही. ऑफिसात यावरून माझी भरपूर टिंगल झाली आहे.

तर असा मी, आणि क्रूझवर गेलो! आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपने ठरवलं – मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप पाहून परत, पाच दिवस. बाकी सहा जण, सगळे जोडीने. माझ्या मुलाने परस्पर माझं बुकिंग करून टाकलं, दोन बेडची केबिन. वर म्हणाला, बाबा, सोबत कुणाला तरी घेऊन जा.

ही बातमी बाईला कळली. तिने समुद्र कधी पाहिलेला नाही. ती लोहाऱ्याला आली, चहा झाला, आणि खाली बघत म्हणाली, "मले घेऊन चाल ना रे भाऊ. एक बेड रिकामाच हाय म्हन्तं."

आता लपवून काय उपयोग. मला लाज वाटली. ग्रुपमधले बरेच जण अधिकारी होते, त्यांच्या बायका प्राध्यापिका वगैरे. बाई लुगडं नेसते, दर तासाला चिमूटभर तंबाखू दाढेत धरते, आणि अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत नातं जोडून त्याला किती पोरं, किती पगार, सगळं विचारून घेते. ती त्या लोकांत कशी दिसेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, पासपोर्ट लागतो बाई त्याला, तुझा कुठे आहे.

खरं म्हणजे आपल्याच देशात फिरायचं होतं. आधार कार्ड पुरत होतं.

"हो का," ती म्हणाली. "बरं." बशीतला चहा संपवला आणि बसच्या वेळेवर निघून गेली.

निघायच्या दिवशी ती पहिल्या गाडीने यवतमाळच्या स्टँडवर हजर. सगळ्या ग्रुपसमोर तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा वाजली. आमच्याकडच्या बायका लाडाने हे करतात. त्यात देवाधर्माचा काही संबंध नसतो, म्हणून वडिलांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

"तुले जमिनीवरची गाडी लागते, पान्यावरची तर लयच लागन," ती म्हणाली. "तुही सारी मळमळ मले लागो. तू सुखानं जाऊन ये."

ग्रुपमधल्या एक प्राध्यापिका हसल्या. मी बाईचा हात बाजूला केला आणि बॅग उचलली.

पहिले दोन दिवस समुद्र शांत होता. मी लिंबू हुंगत, गोळ्या घेत निभावलं. केबिन साफ करायला येणारा माणूस कागदोपत्री दोघांची केबिन म्हणून रोज दोन्ही बेड नीट लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याने टॉवेलची घडी घालून एक हत्ती बनवला आणि रिकाम्या बेडवर बसवून ठेवला. मी तो उचलला नाही. केबिनमध्ये तेवढंच कुणीतरी होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला जाग आली ती बॅग या भिंतीवरून त्या भिंतीवर घसरत होती म्हणून. स्पीकरवर सांगितलं की वारा वाढला आहे, आज कुठेही उतरता येणार नाही, सगळ्यांनी सांभाळून राहावं. मी घाईने लिंबू शोधलं, बाथरूमचं दार उघडं ठेवलं आणि वाट पाहत बसलो.

काहीच झालं नाही.

साडेसात झाले, आठ झाले. जहाज डावीकडे कलायचं, थांबायचं, मग उजवीकडे. खिडकीत कधी नुसतं आभाळ, कधी नुसतं पाणी. आणि माझं पोट एकदम शांत... वर भूक लागलेली! मी बाहेर पडलो. लांबलचक पॅसेजमध्ये कठड्याला जागोजागी उलटीच्या कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या. आमच्या ग्रुपच्या सहाही दारांवर टकटक केली. दोघांनी आतूनच नको म्हटलं, बाकीच्यांनी तेवढंही नाही.

जेवायच्या हॉलमध्ये शेकडो खुर्च्या, आणि मी एकटा. बऱ्याच खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधून ठेवलेल्या. एक वेटर खांबाला धरून उभा, त्याचाही चेहरा उतरलेला. मी दोन पराठे खाल्ले, दही खाल्लं. दुपारीही तिथेच, त्याच टेबलावर, एकटाच. प्लेट घसरू नये म्हणून डाव्या हाताने धरून ठेवावी लागत होती.

लोकांना वाटेल, बरंच झालं की. पण तुम्हाला सांगतो, इतका एकटा मी बायको गेली त्या दिवशीही नव्हतो. तेव्हा निदान घर भरलेलं होतं. इथे हजारो माणसं दारांमागे आडवी, आणि मला बोलायला एक माणूस नाही. मोबाईलला नेटवर्क नाही. डेकवर जायची दारं बंद. मी केबिनमध्ये येऊन बसलो. हत्ती कलंडून त्याची सोंड सुटली होती. त्याच्याकडे बघत मी, हसू नका, मोठ्याने म्हणालो, "बाई, तुला आणायला पाहिजे होतं." ती असती तर वेटरचं सगळं खानदान विचारून झालं असतं आतापर्यंत. दार न उघडणाऱ्यांच्या उशाशीही तीच लिंबू घेऊन बसली असती.

संध्याकाळी सातच्या सुमारास जहाज स्थिर झालं. लोक हळूहळू बाहेर आले, माझ्याकडे संशयाने पाहायला लागले. ज्याला बस लागते त्याला समुद्र लागला नाही!

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याजवळ नेटवर्क आलं, तर फोनवर वनिताचे अकरा मिस्ड कॉल. वनिता ही बाईची शेजारीण, अंगणवाडीत काम करते. तिने सांगितलं की काल सकाळी सातपासून बाई खाट घट्ट धरून पडली होती. घर हालून राह्यलं म्हणत होती. दिवसभर उलट्या. डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं, शुगर पाहिली, कान पाहिले, काही सापडेना. सलाईन लावलं. संध्याकाळी सातला आपोआप थांबलं, उठून बसली आणि भाकर मागितली.

मुंबईहून मी लोहाऱ्याला गेलोच नाही. बडनेऱ्याला उतरून सरळ नेरची एस.टी. धरली. आता मला काही लागत नाही अशा तोऱ्यात खिडकीजवळ बसलो, आणि नेर येईपर्यंत दोनदा उलटी झाली. म्हणजे माझं पोट सुधारलं होतं, असंही म्हणायची सोय उरली नाही.

बाई खाटेवर बसली होती. चेहरा निम्मा झालेला. मी काही विचारायच्या आत तिनेच सुरू केलं. मोठ्ठा हॉल होता म्हणाली, खुर्च्या दाव्याने बांधलेल्या. तू एकटाच जेवून राह्यला होता, डाव्या हातानं ताट धरून. तुझ्या बाजूच्या बेडवर टॉवेलाचा हत्ती होता, सोंड सुटलेली.

मी एकही फोटो काढला नव्हता. हत्तीबद्दल मी कुणाशीच, अगदी कुणाशीच बोललो नव्हतो. बाईला क्रूझ हा शब्दही नीट म्हणता येत नाही.

"उलट्याईचं काई नाई रे," ती म्हणाली. "पन येवढ्या मोठ्या जागी तू एकटा जेवत होता, ते पाहून मले कसंतरीच झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हणालो की पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ. ती साध्या आवाजात म्हणाली, "आता कायले? पासपोर्ट नसतानी बी जाऊन आली ना मी."

त्या बोलण्यात टोमणा होता का, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं. तिला माझं खोटं ठाऊक होतं, की ती खरंच तसं मानत होती? विचारायचा धीर मला झाला नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसलो, लहानपणी ती माझ्या कपाळावर ठेवायची तसा. निघताना तिच्या तोंडावरून हात फिरवून मीही माझ्या कानशिलावर बोटं मोडून पाहिली. एकही वाजलं नाही. ती खूप हसली.

बाईला यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयामुळे कानातला तोल जातो कधी कधी. गेला असेल. पण नेमका त्या दिवशी, नेमका सात ते सात? आणि हत्ती? कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी आता हसणार नाही.

बाईला वाचता येत नाही. हा अंक मी वनिताकडे पाठवणार आहे, ती वाचून दाखवेल. समोर बसून जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते इथे लिहितो.

पासपोर्ट लागत नव्हता, बाई.