बिबटीसाठी लावलेला कौल

चाकणच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत करंजवाडी आहे. तिथल्या सोजरबाईला वनखात्यानं रोजंदारीवर घेतलं ते तिच्या डोळ्यांमुळं. लहानपणापासून शेरडांमागं हिंडलेली बाई. मातीतलं पाऊल बघून जनावर कुठल्या पायानं लंगडतंय ते सांगायची.

१९७८ साली खात्यानं गावामागचा डोंगर राखीव केला आणि लांबच्या जंगलातून एक बिबटी आणून सोडली. इथले बिबटे शिकाऱ्यांनी कधीच संपवले होते. संध्याकाळी डोंगरावरच्या पायवाटा करंजाच्या फांदीनं झाडून गुळगुळीत करायच्या आणि सकाळी फुफाट्यावर कुणाची पावलं उमटली ते रेंजरला सांगायचं, हे सोजरबाईचं काम. बिबटीला ती ‘पाव्हणी’ म्हणायची.

नवरा कोंडीराम पिंपरीच्या एका कंपनीत होता. आठवड्यानं घरी आला की चिडवायचा, “समद्यांच्या बायका घर झाडत्यात, माझी डोंगर झाडती.”

“डोंगर उलट बोलत न्हाई.”

संत तुकाराम नगरात खोली मिळतेय, नळ आहे, लाईट आहे, चल म्हणायचा. ती एकदा चार दिवस राहूनही आली होती. “भिंतीपल्याड कुणी खोकलं तरी माझी झोप मोडती,” म्हणाली आणि परतली.

खात्यानं बिबटीची बडदास्त चोख ठेवली होती. सिमेंटचा पाणवठा बांधला, चितळं आणून सोडली. पण पहिले आठ दिवस सरले आणि पायवाटा कोऱ्याच दिसू लागल्या. रेंजर दौलतरावांचा चेहरा उतरला. वरून हुकूम आला होता: महिनाअखेरपर्यंत राखीव रानात माग दिसला नाही, तर बिबटीला पिंजरा लावून धरायची आणि शहरातल्या प्राणिसंग्रहालयात धाडायची.

“म्हंजी जल्मभर गजाआड?” सोजरबाईनं विचारलं.

“जन्मभर.”

त्या दिवशी तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि हद्दीचे दगड ओलांडून माग काढत खाली उतरली. माग थेट म्हसोबाच्या देवराईत गेला. जुनी जांभळं, हात घालायला फट नाही अशा वेली, मधोमध बारमाही झरा. तिथं कुऱ्हाड चालत नाही, पायताण चालत नाही, पूजेच्या दिवसाखेरीज कुणी फिरकत नाही. झऱ्याच्या चिखलात ताजी पावलं होती. सोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

कारण दोन वर्षांपूर्वी नकाशा आखायला माणसं आली, तेव्हा भर सभेत हीच उठून म्हणाली होती, “डोंगर न्या. देवाची झाडं सरकारला न्हाई.” त्यांनी मग रेघ वाकवून देवराई बाहेर ठेवली होती.

तिनं दौलतरावांना खरं ते सांगितलं.

“पाणी दिलं, चितळं दिली. आणखी काय पाहिजे तिला?”

“सायेब, नुसतं पोटाला मिळतंय म्हून कुणी ऱ्हात न्हाई. तुमचा डोंगर उघडाबोडका. दुपारच्याला अंग टाकायचं कुठं? कुणी टकामका बघणारं नसंल, अशीच जागा तिनं हुडकली.”

“पण ती हद्दीबाहेर आहे. गावानं देवराई दिली, तरच माझ्या हातात काही आहे.”

“गाव माझं ऐकतंय व्हय? नको म्हणणारी मीच.”

तरी तिनं गावाला कौल लावायला लावला. रविवारी सकाळी म्हसोबापुढं गाव जमलं. गुरव ज्ञानदेवानं टोमणा मारलाच, “तवा सरकारच्या नावानं बोंब मारलीस, आन् आता त्येंचीच वकिली?”

“तवा पाव्हणी आली नव्हती, भावा.”

ज्ञानदेवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवराई खात्याला द्यावी का, असं विचारलं. घटकाभरात डावी पडली.

गावाला सुटल्यासारखं झालं. दौलतराव चपला शोधू लागले. सोजरबाई जागची हलली नाही.

“ज्ञानदेवा, परत लाव.”

“एका गोष्टीला दोनदा कौल नसतो, माहीत न्हाई?”

“गोष्ट निराळी हाय. जागा देवाचीच ऱ्हाऊ दे. तिला तिथं ऱ्हाऊ द्यावं का, आन् खात्यानं नुसती भवतीनं राखण करावी का, एवढं इचार.”

मागं कुणीतरी हसलं, “म्हसोबाला वकील भेटली राव.”

ज्ञानदेवानं कपाळाला आठ्या घालत कळ्या लावल्या. बराच वेळ काही पडेना. सोजरबाईनं पदर तोंडात धरला होता. मग उजवी कळी सुटली, देवाच्या पायाशी येऊन थांबली.

दौलतरावांनी गावाचा ठराव जोडून वर कळवलं: जागा देवस्थानची, राखण खात्याची. तीन आठवडे जीव टांगणीला लागला, पण पिंजऱ्याचा हुकूम मागं घेतला गेला. गावानं एकच अट घातली. राखण करायची ती अनवाणी, मग साहेब का असेना.

पहिल्या दिवशी सोजरबाई देवराईच्या कडेनं पुढं वाट झाडत चालली होती, मागून दौलतराव खाकी विजार वर धरून एकेक पाऊल जपून टाकत होते. करवंदीचा काटा घुसला आणि ते कळवळले.

सोजरबाईनं वळून ओठांवर बोट ठेवलं. “हळू, सायेब. ती निजलीय.”