वरची कड साफ नाही

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बाबा शेतमजुरांच्या चळवळीत होते. मोर्चा झाला की उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घरी यायचा. एका बाजूला मी 'क' काढायचे आणि दुसऱ्या बाजूची मागण्यांची यादी मोठ्यानं वाचायचे. पुढं बाबा मला सायकलवर बसवून झरीच्या बाजारात न्यायला लागले. मी पत्रकं वाटायचे, लोक म्हणायचे, "पोरगी लय तिखट हाय." माय घरी असायची. आम्ही परतलो की विचारायची, "काय झालं बाजारात?" आणि आम्ही बापलेक हसून म्हणायचो, "तुला नाही कळायचं."

हे आम्ही किती वर्षं म्हणत होतो, मला सांगता येणार नाही.

मग भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. बाबा अजून चळवळीपायी बाहेरगावीच असायचे. जिंतूरकडची, सातवीपर्यंत शिकलेली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे म्हणून तिची शाळा अर्धी फडावरच गेली होती. तिला मायनं कधी काही विचारलं नाही. माय तिला सांगायला लागली, आणि ती सासूला 'आत्या' म्हणून हाक मारायची. मी परभणीत खोली घेऊन शिकवण्या घेत होते, लिहीत होते, शनिवारी गावी जायचे. अंगणात पाय टाकायच्या आधी दोघींचं हसू कानावर पडायचं. मी आत गेले की ते थांबायचं.

"काय झालं?" मी विचारायची.

"काय न्हाई. बस. च्या घेतीस का?"

पाहुणीला विचारतात तसं. माझ्याच घरात, माझ्याच मायनं. वहिनीनं माझं काही हिसकावलं नव्हतं. मायच्या शेजारची जागा आम्ही बापलेकीनं कितीतरी वर्षं रिकामी ठेवली होती, ती येऊन तिथं बसली. हे आज कळतं. तेव्हा मी फक्त जळायचे.

मायच्या डाव्या नाकपुडीच्या वर तुरीच्या डाळीएवढी चकचकीत गाठ होती. सगळे तिला चामखीळ म्हणायचे. एका शनिवारी गेले तर गाठीभोवती काळा केस आवळून बांधलेला आणि खाली रक्ताची खपली. वहिनीनं वरातीच्या घोडेवाल्याकडून शेपटीचा केस मागून आणला होता.

"वैनी, हे काय केलंत? ही चामखीळ आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या मायच्या मानंवरची अशीच गळून पडली व्हती, वन्सं."

"मानेवरची लोंबती चामखीळ वेगळी. ही बुडाशी पसरट आहे, पिकतेय!"

माय मध्ये पडली. "तिच्यावर कामून वरडायलीस? मीच म्हणले बांध म्हणून."

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. भरून न येणारी जखम, रक्त येणारी गाठ, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, यांना केस बांधू नका, चुना लावू नका, डागू नका; आधी तुकडा काढून तपासा. कापल्यावर तुकड्याच्या कडा साफ आहेत का, म्हणजे रोग कडेपर्यंत तर नाही ना, तेही तपासा. आणि मध्ये एक ओळ: 'आपल्याच तालुक्यातल्या एका घरात सुनेनं सासूच्या नाकाला घोड्याचा केस बांधला.' नाव नव्हतं. पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लिहिण्यामागचा हेतू मात्र निम्माच स्वच्छ होता.

वहिनीनं ते चुलीपाशी बसून, बोट फिरवत, सगळं वाचलं.

"हे माझ्यावर लिवलंय."

"तुमचं नाव आहे का कुठं?"

"नाव कशाला लागतंय? गावात घोड्याचा केस मीच मागत हिंडले व्हते." ती रडेल असं मला वाटलं. तिनं पत्रकाची घडी केली आणि पोळपाटाखाली सरकवली. "पण तुकडा तपासाया कुठं जायाचं, ते न्हाई लिवलं तुमी."

खरंच नव्हतं लिहिलं.

पुढच्या सोमवारी ती मायला एसटीत बसवून परभणीला घेऊन आली, चौकशी करत कातडीच्या डॉक्टरकडं गेली, तिथून सर्जनकडं. तुकडा काढून बाटलीतल्या औषधी पाण्यात टाकेपर्यंत उभी राहिली आणि दोघी संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. तो दवाखाना माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मला रात्री फोनवर कळलं.

"मला सांगायचं नाही का, माय?"

"तुझ्या कामाच्या वक्ताला कशाला तकलीफ? हिनं केलं की सगळं बराबर."

माझं पत्रक वाचून कुणीतरी तंतोतंत तसं वागलं होतं. बाबांच्या हयातभराच्या पत्रकांना असं यश क्वचितच आलं असेल. आणि मी खोलीत भिंतीकडं बघत बसले होते, कुणी माझं ताट उचलून नेल्यासारखी.

तपासणीत कर्करोग निघाला. सर्जननं समजावून सांगितलं: हा हळू वाढणारा प्रकार आहे, सहसा अंगात पसरत नाही, पण जागच्या जागी आत खात जातो. काढलाच पाहिजे. या वेळी मी सोबत होते. माय मध्ये, वहिनी आणि मी दोन बाजूंना.

"काही गाठी आम्ही खरवडून किंवा गोठवून जाळतो," सर्जन म्हणाले, "पण नाकावरची, पिकलेली, तसं करून चालणार नाही. भोवतीची थोडी चांगली कातडी धरून कापावी लागेल. मोठ्या शहरात थर काढून लगेच तपासतात, साफ दिसेपर्यंत पुढचा थर काढतात. तिकडं जाणार का?"

"नाकासाठी एवढ्या लांब न्हाई जायची," माय म्हणाली.

"मग इथं दोन रस्ते आहेत. एक, कापलं की लगेच गालाची कातडी सरकवून खड्डा झाकायचा. एकदाच काम. दुसरा, कापून नुसती मलमपट्टी करायची, कडांचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येईल, साफ असला की मग झाकायचं."

वहिनी पदर सावरून पुढं सरकली. "साहेब, कडा साफ हायत का ते कळल्याबिगर झाकू नका. राहिलं तर खाली दडंल ना?"

सर्जननं तिच्याकडं मान वळवून पाहिलं. "अगदी बरोबर. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं व्हतं," ती म्हणाली.

माझं नाव घेतलं नाही तिनं. मी तिचं पत्रकात घेतलं नव्हतं, तसंच. सर्जन तिच्याकडं कौतुकानं बघत होते, मायचा हात तिच्या मांडीवर होता, आणि माझ्या तोंडचं वाक्य तिच्या तोंडात इतकं शोभत होतं की मला ते हिसकावून परत घ्यायचं होतं. मला माहीत होतं ती बरोबर बोलतेय. सगळ्यांत आधी मलाच माहीत होतं.

"लगेच झाका, डॉक्टर," मी म्हणाले. "महालक्ष्म्या आठवड्यावर आल्यात. उघडी जखम घेऊन ही काय करणार?"

मायनं चमकून माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात वाहती जखम असलेल्या बाईनं महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला हात लावायचा नाही, असा तिचा नेम. मी त्या नेमाची आयुष्यभर टिंगल केली होती. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मी मुद्दाम गावी जायची नाही. आणि आता त्याच नेमाचा खुंटा धरून मी मायला माझ्याकडं ओढत होते.

"कडेला राहिलं तर परत उघडावं लागेल," सर्जन म्हणाले. "कातडी सरकवल्यावर जागा ओळखणं अवघड जातं. मग जास्त कापावं लागतं."

"एवढीशी तर गाठ आहे. कशाला राहतंय?"

"वन्सं..." वहिनी बोलायला लागली.

"वैनी, पत्रक वाचून डॉक्टर होत नाही कुणी."

हे मी म्हणाले. मी.

मायनं वहिनीच्या मांडीवरचा हात काढून घेतला. मग सर्जनला म्हणाली, "शिकलेली म्हणायलीय तर तसंच करा."

गाठ काढली. सर्जननं काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला दोऱ्याचा टाका घातला, वरची बाजू कुठली ते तपासणाऱ्याला कळावं म्हणून. गालाची कातडी वर सरकवून खड्डा झाकला. काम सुबक झालं होतं.

त्या वर्षी मी महालक्ष्म्यांना गावी राहिले. टाके कोरडे होते. मायनं मुखवट्यांना साड्या नेसवल्या आणि मी निऱ्या धरल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मायचं नाक निरखायच्या.

"लय झाक शिवलं की वं. कॅन्सर म्हणत व्हते ना?"

"व्हय. पण पोरीनं हट्ट धरला म्हणून येळंत झालं सगळं," माय म्हणायची, प्रत्येकीला, नव्यानं. मी शेजारी बसून ऐकायची. वहिनी आत पुरण वाटत होती. एकदाही बाहेर येऊन म्हणाली नाही की दवाखान्यात पहिल्यांदा कुणी नेलं. मीही म्हणाले नाही. लहानपणापासून ज्या दिवसाची वाट बघत होते तो हाच, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, तो दिवस गोड गेला.

चार दिवसांनी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. खालची कड साफ. दोन्ही बाजू साफ. वरची कड साफ नाही.

डोळ्याकडची कड. मी शिकवणी मध्येच सोडून दिली आणि सर्जनकडं गेले. ते रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता सरकवलेली कातडी उचलून खालचं काढावं लागेल. खड्डा पहिल्यापेक्षा मोठा होईल. गालाची कातडी पुरणार नाही, कपाळाची घ्यावी लागेल." कपाळावरून कातडीची पट्टी अशी फिरवून नाकावर आणायची, तिचा देठ भुवईपाशी जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे रक्त मिळत राहतं. तीन आठवड्यांनी देठ कापायचा. तोवर भुवईपासून नाकापर्यंत मांसाचा पूल दिसत राहणार. पहिल्यांदाच थांबलो असतो तर ह्यातलं किती टळलं असतं, ते मी विचारलं. "बहुतेक बरंच," ते म्हणाले.

मी गावी गेले ते थेट परसात. वहिनी भांडी घासत होती.

"वैनी, वरची कड साफ नाही आली." ती राखेच्या हातांनी तशीच बसली. "तुम्ही बरोबर बोलत होतात. मला माहीत होतं. तुम्ही बोललात म्हणून मी उलटं बोलले."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुमी पत्रकाच्या उलटं बोलायलात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं न्हाई," ती म्हणाली. "पर वाटलं, तुमी शिकलेल्या. तुमाला काय तरी ज्यादा ठाऊक असंल. म्हणून गप बसले." मग तिनं तवा उचलला आणि असा घासला की पुढचं ऐकूच येऊ नये. "माझ्यावर जळा, वन्सं. हजारदा जळा. आत्यांच्या नाकावर कामून जळलात?"

मी खाली बसून तिनं घासलेली भांडी विसळायला लागले.

मायला मी रात्री सांगितलं. सबबी तयार होत्या. बाबांसारखं मुद्देसूद बोलता येतं मला. एकही वापरली नाही. तिनं नाकावरच्या ताज्या व्रणावरून बोट फिरवलं.

"कपाळाची घ्यायलेत? कुंकवाच्या जागची?"

"जरा बाजूची. विचारू आपण."

"मी सगळ्या बायांना सांगत बसले," ती म्हणाली, "पोरीनं केलं, पोरीनं केलं." आणि तोंड फिरवून झोपली. दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच: "दवाखान्यात येणार हायस का?"

सर्जनकडं परत आम्ही तिघी. त्यांनी कुंकवाची जागा सोडून बाजूला पेननं रेघ मारून दाखवली. माय आरशात बघून "हं" म्हणाली. मग ते माझ्याकडं वळले, कारण फाइलवर माझा नंबर होता, कारण मी नीट भाषेत बोलते. "या वेळी काय करायचं? लगेच झाकायचं की रिपोर्टची वाट बघायची?"

ते सरळ थांबायचंच म्हणू शकले असते. त्यांनी विचारलं आणि माझ्या ओठांवर योग्य उत्तर तयार होतं. ते दिलं असतं तर यावेळी मी बरोबर ठरले असते. मायपुढं, सर्जनपुढं. फार मोह झाला.

"वहिनींना विचारा," मी म्हणाले. "आणि फाइलवर त्यांचा नंबर घाला."

वहिनीनं आधी मायकडं पाहिलं. मग विचारायला लागली: पट्टी किती दिवसांनी बदलायची, शेजारी मळणीची धूळ उडते त्याचं काय, दोरा यावेळी कुठल्या टोकाला घालणार. शेवटी म्हणाली, "थांबू. उघडं राहू द्या."

दुसऱ्यांदा कापल्यावर अकरा दिवस मायच्या नाकावर, पट्टीखाली, उघडा खड्डा होता. पट्टी वहिनी बदलायची. मी गावीच राहिले होते; पाणी उकळून द्यायची, कापूस पुढं करायची. पट्टी काढताना माय तिचं मनगट धरायची, माझं नाही.

बाराव्या दिवशी वहिनीचा फोन वाजला. तिनं रिपोर्ट उघडला आणि इंग्रजी अक्षरं एकेक लावत बसली. मी एका नजरेत वाचू शकले असते. हात मागं बांधून उभी राहिले.

"वर... साफ," ती म्हणाली. "खाली साफ. चारी बाजू साफ हाय, आत्या!"

माय तिच्या गळ्यात पडली. दोघी रडायला लागल्या, हसायला लागल्या, पट्टी हलेल म्हणून एकमेकींना ओरडायला लागल्या. मी दोन हात लांब उभी होते आणि मला हेवा वाटला. तितकाच, पहिल्याइतकाच. मी बाहेर ओट्यावर आले आणि सर्जनच्या दवाखान्यात फोन लावून कपाळाच्या ऑपरेशनची तारीख विचारली.