अस्वलाच्या तक्त्यात सगळं होतं, अस्वल सोडून

कम्युनिटीतल्या खेळाडूंनो, अहेरीच्या सायबर कॅफेतून लिहितोय. डोकं अजून तापलेलं आहे.

आज दुपारी आम्ही तिघं मित्र आपला तो खेळ खेळत होतो, ज्यात प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि फासे टाकून गोष्ट पुढे जाते. गोष्ट चालवत होता पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ. नियमांचं पुस्तकही त्याचंच. जंगलात आमच्या पात्रांसमोर अस्वल आलं. आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "आम्ही जोरजोरात बोलून राह्यलो, डबा वाजवून राह्यलो." मोहफुलं वेचायला जाताना इथे सगळे हेच करतात.

आतेभाऊ पानं उलटत बसला. अस्वलाचा अर्धं पानभर तक्ता! ताकद, चपळाई, कातडीची जाडी, पंजाचा मार, ते मेल्यावर मिळणारे गुण. सगळं मुंगीएवढ्या अक्षरात कोंबलेलं. आवाज ऐकून अस्वल काय करतं, याची एक ओळ नाही. शेवटी म्हणाला, "लिहिलेलं नाही, म्हणजे हल्ला करतं." माझं पात्र मेलं.

मित्राचे वडील जंगलात मजुरीला जातात. त्यांना तो तक्ता वाचून दाखवला. म्हणाले, "हे अस्वल बहिरं हाये का गा?" मग पेन्सिल मागितली आणि तक्त्याच्या डोक्यावर लिहिलं: "आवाज आला का बाजूले होते. पिल्लं असली तं नाई."

आतेभावाने तोंड वाकडं करून विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

काकांनी गालावरच्या नखांच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं.

तुमच्या पुस्तकात अस्वलापासून किंवा राक्षसापासून जीव वाचवायचा कसा, हे लिहिलेलं असेल तर पान नंबर टाका. मारायचं कसं ते नको. ते सगळ्यांकडे आहे.