पेडल घट्ट, गाडी चालूच

पेडल घट्ट होतं आणि गाडी थांबत नव्हती.

स्टिअरिंगवर इब्राहिमभाई, शेजारी मी, मागच्या सीटवर त्यांच्या बायको रुकय्याभाभी. त्यांच्या घरापासून जेटीच्या रस्त्यापर्यंत गल्ली सरळ खाली उतरते. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, आणि खाली आडवा मोठा रस्ता. त्यावर रिक्षा, टेम्पो, शाळेची पोरं, सगळंच. इब्राहिमभाईंनी ब्रेक दाबला. गाडी जराशी हळू झाली आणि पुन्हा आपली निघाली.

"दाबा," मी म्हणालो.

"दाबलाय, फोरमन. पाय आणखी खाली जात नाय."

"हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका. डावीकडे घ्या, घासू दे गडग्याला."

घासली. आख्खी डावी बाजू खरवडत रस्त्याच्या चार-पाच हात अलीकडे उभी राहिली. भाभींनी उजवीकडचं दार उघडलं, उतरल्या आणि चढ चढून घरी गेल्या. त्या गाडीचा ब्रेक तीन दिवसांपूर्वी मीच बसवला होता.

मी भुवड. रत्नागिरीत बसच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा ब्रेक सेक्शनचा फोरमन म्हणून. रिटायर झालो तरी लोक फोरमनच म्हणतात. माझ्या कामात खोट काढलेली मला खपत नाही. हा दोष आहे हे मला माहीत आहे. बायको आठवण करून देत असते.

इब्राहिमभाई तांडेल होते, म्हणजे मच्छीमार बोटीवरचे मुख्य. चाळीस वर्षं समुद्रावर गेली. त्यांची अँबॅसिडर त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मागच्या पावसाळ्यात याच उतारावर ब्रेक लागला नव्हता, गाडी गडग्यावर गेली आणि भाभींचा गुडघा पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटला. तेव्हापासून भाभी त्या गाडीत बसल्या नव्हत्या. बहिणीकडे पूर्णगडला जायचं तरी रिक्षाने. मुलगा कुवेतला असतो. तो फोनवर म्हणाला, आई बसत नसेल तर ती गाडी ठेवायची कुणासाठी? इब्राहिमभाईंना ते लागलं. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फोरमन, ती बसली तर ठेवीन. नाय बसली तर मीच गिऱ्हाईक बघतो."

मी गाडीखाली शिरून पाहिलं. जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. आत दोन लायनर असतात, ते फाकतात आणि डब्याला आतून धरतात. आत पाणी शिरलं की पकडच जाते. पावसाळ्यात तेच झालेलं. शिवाय मागचे पाटे, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, पार बसलेले. पुढचे शॉकॲब्सॉर्बर नावाला. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली आणि मागचा माणूस पुढे. भाभींचा गुडघा उगाच नव्हता आपटला.

"पुढे डिस्क बसवू," मी सांगितलं. "याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलला यायचे. बूस्टर पण टाकू, पायाचा जोर कमी लागेल. पाटे, बुश, शॉकॲब्सॉर्बर सगळं नवं."

"इथेच कराल? गॅरेजला न्यायची तर हाच उतार."

म्हणून त्यांच्या अंगणातच, पत्र्याच्या शेडखाली काम लावलं. ते जॅकखाली चिरे रचायला निघाले होते. मी ओरडलो. जांभा वजनाखाली कधी भुगा होईल सांगता येत नाही, त्याच्याखाली मी माझी मान देणार नाही. मग त्यांनी होडी ओढायचे जाड ओंडके आणले. त्यांवर गाडी टेकवली ती केसभर हलली नाही.

आठ दिवस लागले. डिस्क कोल्हापूरहून जुन्या मालात मिळाल्या, त्या घासून सरळ करून घेतल्या. पाइप बदलले, ब्रेक ऑइल नवं भरलं, हवा काढली. गुरुवारी त्याच उतारावर मी स्वतः चालवली. गाडी पायाखाली थांबत होती. इब्राहिमभाईंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

भाभी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "रविवारी बहिणीकडे जायचा हाय. फोरमन बाजूला बसणार असतील तर बसते."

आणि रविवारी हे असं झालं.

मी तिथेच, गल्लीत, गाडी ओंडक्यांवर चढवली. ब्रेक लागत नाही याची कारणं दोन जातींची. पेडल मऊ लागलं, आत गेलं, तर लाइनमध्ये हवा किंवा गळती. इथे पेडल घट्ट. म्हणजे जोर चाकापर्यंत पोचतोय, पण तिथे कुणी धरत नाहीये. बूस्टर बघितला, ठीक. मग पुढचं चाक काढलं.

डिस्क म्हणजे चाकामागची उघडी लोखंडी चकती. दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटीत धरतात. ही चकती चकचकीत होती, पॅड पोचत नाही त्या कडेलासुद्धा. मी तिच्याकडे बघत बसलो. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड दोन दिवस उघडं राहिलं की लाल होतंच. गाडी गुरुवारपासून उभी होती. मग कड लाल का नाही?

बोट फिरवलं. बोट सटकलं. नाकाशी नेलं तर माशाच्या तेलाचा वास. होडीच्या लाकडाला लावतात ते.

"इब्राहिमभाई," मी म्हणालो, "हे काय आहे?"

ते गडग्याला टेकून उभे होते. जवळ येऊन चकतीकडे बघितलं. मग म्हणाले, "लाल झालेली. नवीन सामान, दोन दिवसांत गंजला. माला बघवला नाय. घासून जरासा तेल मारला. दोन्ही बाजूला."

मला जो राग आला तो मी लपवला नाही. "अहो, तुम्ही ब्रेकला तेल लावलंत? घसरू नये म्हणून जी वस्तू असते तिला? तिघं मेलो असतो आज."

ते मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात भाभी वरून पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जन्मभर लोखंड दिसला की तेल मारायचा, लाकूड दिसला की तेल मारायचा. काल सांजचे डबा घेऊन खाली शिरले. मला वाटला तुम्हीच सांगितलात. आणि शुक्रवारी तुम्हाला फोन केलेला ना ह्यांनी?"

केला होता. मी जेवत होतो. ते म्हणाले, फोरमन, चाकात लाल दिसतंय. मी म्हणालो, चकती आहे ती, उघडीच असते, घाबरू नका. आणि फोन ठेवला. तो पातळ गंज पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये पुसून जातो, त्याला हात लावायचा नाही, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मासे गार होत होते.

त्याहून वाईट म्हणजे, आमच्या वर्कशॉपमध्ये नियम होता. कुठलीही गाडी बाहेर काढायच्या आधी दहा फूट चालवून ब्रेक मारून बघायचा. पेडल दाबून नाही, गाडी चालवून. बारा वर्षं मी दुसऱ्यांना त्यावरून शिव्या घातल्या. रविवारी निघताना मी नुसता पाय ठेवला, पेडल घट्ट लागलं आणि खूश होऊन बसलो. माझी मलाच लाज वाटली. इब्राहिमभाईंची माफी मागितली, भाभींसमोर. सोपं गेलं नाही.

तेल प्यायलेले पॅड धुऊन चालत नाहीत. लोक पेट्रोल टाकून जाळतात, तसलं मी करत नाही. नवीन जोडी कोल्हापूरहून बुधवारी बसने आली. चकत्या थिनरने, मग साबणाने धुतल्या. कोरड्या केल्या, पॅड घातले आणि गाडी मुद्दाम दोन दिवस अंगणात उभी ठेवली. लाल होऊ दिली.

शुक्रवारी इब्राहिमभाईंना खाली बसवून दाखवलं. "ही बघा, लाल. आता दहा फूट चला. ब्रेक मारा. परत. आता बघा."

चकती साफ झालेली. "आपोआप?" ते म्हणाले.

"आपोआप. तुमचं काम फक्त गप्प बसायचं."

भाभी पायरीवर आल्या. म्हणाल्या, "उतारावरून आणा. मी खाली गडग्यापलीकडे उभी ऱ्हाते. हात वर करीन तिथे थांबायचा. आधी सांगणार नाय."

इब्राहिमभाई वरून निघाले. अर्ध्या उतारावर भाभींनी हात वर केला. गाडी थांबली. नाक खाली गेलं नाही. दुसऱ्यांदा पार खाली येऊ दिली आणि मग केला. थांबली. तिसऱ्यांदा सुरुवातीलाच, इब्राहिमभाई अजून गिअर टाकत होते. तरी थांबली.

भाभी चढ चढून घरात गेल्या. मला वाटलं, गेलं सगळं. इब्राहिमभाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

पाच मिनिटांनी भाभी बाहेर आल्या, ओढणी सारखी करून. हातात तेलाचा डबा. मागचं दार उघडून बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

"हा कशाला?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"बहिणीकडे ठेवते. तिच्याकडे होडी हाय."

गाडी उतार उतरून जेटीच्या रस्त्याला थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि पूर्णगडच्या दिशेला वळली. मी अंगणातले ओंडके गोळा करत होतो. डोळे पुसले, कुणी नव्हतं बघायला.

आता गाडी परत देताना मी आधी मालकाला विचारतो, तुम्ही जन्मभर काय काम केलंत. मग त्याप्रमाणे काय करायचं नाही ते सांगतो. परवा एक रिटायर झालेले ड्रॉइंगमास्तर आले होते. त्यांना म्हटलं, चकती कितीही लाल दिसली तरी रंग मारायचा नाही. ते उठून गाडीकडे गेले. मग डिकीतून रंगाचा डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.