हरेशचा अकरा प्रश्नांचा फॉर्म

जुईनगरच्या हरेशला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. नोकरी महाप्याला, पण जीव अडकलेला एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. संशोधकांना एखादा गणिती प्रोग्रॅम हवा असला की त्याला लागणारे शंभरेक जुने-नवे तुकडे, एकमेकांशी भांडणार नाहीत असे, संगणकावर बसवून द्यायचे, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. आणि ते सॉफ्टवेअर धडधाकट ठेवायचं काम हरेशचं. पगार शून्य, तोरा मात्र सरपंचाचा.

काही बिघडलं तर त्याचा अकरा प्रश्नांचा फॉर्म भरायचा. एक रकाना रिकामा राहिला की तक्रार बंद. तोंडी तक्रार तर बायकोचीही चालणार नाही, हे त्याने नमिताला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावून ठेवलेलं.

नमिता एका प्रयोगशाळेत खाडीच्या भरतीची गणितं मांडायची. सोमवारी साहेबांपुढे अहवाल ठेवायचा होता. शनिवारी सकाळी तिने हरेशच्याच सॉफ्टवेअरचं अपडेट घेतलं आणि तिचा प्रोग्रॅम उठेचना. कारण तिला लगेच कळलं. ‘हे आता कोण वापरतंय’ म्हणत नवरोबांनी आदल्याच दिवशी एक जुना तुकडा काढून टाकला होता. ती वापरत होती ना! अहवाल बुडाला तर वर्षाची मेहनत फुकट.

बेडरूममध्ये बसून तिने ‘खाडी४२’ या नावाने फॉर्म भरला. दहा रकाने नीट लिहिले, संगणकाच्या मेमरीचा एक राहिला. हॉलमधून चार मिनिटांत उत्तर आलं, ‘माहिती अपुरी. तक्रार बंद.’ नमिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीड वाजता हरेश स्वयंपाकघरात आला.

“वाढ ना जेवायला. पोटात कावळे ओरडतायत.”

नमिताने एक कागद पुढे सरकवला. “आधी फॉर्म भर.”

भूक कधीपासून आहे? शेवटचं काय खाल्लं होतं? त्याआधी भूक होती का? असे अकरा प्रश्न. हरेशने आईकडे पाहिलं. पुतळाबाई वाकटी मासळीचं कालवण ढवळत होत्या.

“माज्याकरं काय बघतस? नियम हाय तो. एक पन रकाना सोरलास तं कालवन नाय.”

गडी निमूट भरत गेला. अकराव्याशी थबकला. ‘या घरातून आज दुसरी तक्रार आली होती का?’

घरातून? मग त्याला ‘खाडी’ आठवली. त्याने लॅपटॉप आणला, बंद केलेली तक्रार उघडली आणि दहाही उत्तरं पहिल्यांदाच वाचली. चेहरा खर्रकन उतरला.

“तू होतीस? अगं, नाव सांगायचंस ना. तुझं मी लगेच केलं असतं.”

“आणि जी तुझी बायको नाही, तिने काय करायचं?”

हरेशने उपाशीपोटीच तो तुकडा परत बसवला. तीनला नमिताच्या स्क्रीनवर भरतीचे आकडे धावू लागले, तेव्हा कुठे ताट वाढलं गेलं.

सोमवारी अहवाल झाला, साहेब खूश. त्याच संध्याकाळी हरेशने फॉर्म बदलला. आता एकच प्रश्न : काय बिघडलंय? बाकीचं तो स्वतः विचारणार होता.

पहिली तक्रार खाडी४२चीच आली. ‘नवरा शनिवारी घरात असून सापडत नाही. दर आठवड्याला असंच होतं.’

हरेशने ती दोनदा वाचली, पण बंद करायला हात धजेना. ती अजून उघडीच आहे. परवाच्या शनिवारी मासळी आणायला मात्र तोच गेला होता.