निळ्या रिबिनीची साक्ष

माझा थोरला भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढे काउंटर, मागे पडदा, आणि पडद्याआडच्या बोळकांडीएवढ्या खोलीत यंत्र, पाण्याची बारीक धार आणि दादा. काच फ्रेममध्ये बसवण्याआधी तो तिच्या मधोमध शाईचा ठिपका देतो आणि तीनदा तपासतो. एकतीस वर्षांत त्याच्या हातची एकही काच परत आलेली नाही. आणि अशा माणसाचं घरातलं नाव काय, तर विसरभोळा.

हे नाव मी ठेवलं. गोष्ट सांगून सांगून ठेवलं.

आमच्याकडे चार माणसं जमली की शर्टाची गोष्ट व्हायचीच. शाळेला सुट्टी, दादा बारा वर्षांचा, मी सात. दुसऱ्या दिवशी बाबांना वरच्या जागेसाठी साहेबांसमोर जायचं होतं. पांढरा शर्ट लाँड्रीत. दादा खेळायला गेलेला, म्हणून आई मला सांगून बाहेर पडली, "दादा आला की लगेच शर्ट आणायला पाठव." मी दारात उभी राहून, निळी रिबीन सावरत निरोप दिला. दादा 'हो' म्हणाला आणि पुन्हा खेळायला पळाला! लाँड्री बंद झाली. बाबा चुरगळलेल्या शर्टात गेले आणि जागा दुसऱ्यालाच मिळाली. "साहेबांनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग बाबांकडे!" हे शेवटचं वाक्य सगळे एका सुरात म्हणायचे. दादाचा आवाज सगळ्यांत मोठा.

त्या दिवसानंतर बाबांनी त्याला साधी सुतळीसुद्धा आणायला सांगितली नाही. "राहू दे, तू विसरशील." रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणायचे.

यंदा दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी दादापुढे किल्ली धरली. "आता तुम्हीच बघा सगळं." दादाने हात मागे घेतला. त्यात घराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायचं वेड वाढलेलं. वहिनी फोनवर म्हणाली, "अगं, ओढून ओढून कडी वाकवली त्यांनी! शेजारीण विचारते, चोर येऊन गेला का? म्हटलं, हो, माझा लग्नाचा नवराच!" मग हसणं थांबवून म्हणाली, "त्यांच्या मनातली ही विसरण्याची धास्ती गेली नाही तर किल्ली दुसऱ्याला जाईल गं. आणि हे आयुष्यभर पडद्याआडच राहतील."

ती त्याला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. बाई सबंध घराला एकत्र बसवून बोलतं करतात, म्हणून माझीही वर्णी लागली. एका उंचीच्या चार खुर्च्या, एक करकरणारा पंखा. बाईंनी विचारलं, "यांच्याबद्दल घरात सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट कुठली?"

दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सांगितली. सवयीने हातवाऱ्यांसकट. वहिनी सवयीने हसली. बाई हसल्या नाहीत. "छान सांगता. आता हीच गोष्ट दादा होऊन सांगा. 'मी' म्हणून."

त्यात काय मोठंसं, असं वाटलं मला. "मी बारा वर्षांचा. खेळून घरी आलो. दारात बहीण उभी होती. ती म्हणाली..."

आणि पुढचं वाक्य मला जमेना. कारण त्याच्या जागेवरून पाहिलं तर दारात कुणीच नव्हतं. बहीण पलंगाखाली काड्यापेट्यांचं घर बांधत बसली होती. तो आला, पाणी प्यायला, गेला. तिने हाक मारली नाही. संध्याकाळी आईने शर्टाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

हे मला कायम ठाऊक होतं. मी त्यावर गोष्ट घातली होती, जुन्या डागावर टेबलक्लॉथ घालावा तशी.

मी सांगून टाकलं. वाटलं, दादा चिडेल. तो उलट माझी समजूत घालायला लागला. "वेडी आहेस का? माझ्यासाठी खोटं नको बोलूस. मला चांगलं आठवतंय, तू दारात उभी होतीस. निळी रिबीन होती."

"दादा, ती रिबीन मी कॉलेजात असताना घातली गोष्टीत. त्या सुट्टीत माझ्या डोक्यावर केस कुठे होते?"

तो हळूच म्हणाला, "उवा झाल्या होत्या तुला. मीच कापले होते. बाबांच्या कात्रीने." डोळे बारीक करून त्याने भिंतीकडे पाहिलं, काच उजेडाला धरून तपासावी तसं. "म्हणजे मी म्हणालो होतो तेव्हा? मला कुणी सांगितलं नाही, असं?"

"तीनदा म्हणालास."

वहिनीने त्याच्या हातावर हात ठेवला. तो एवढंच बोलला, "बाबांना सांगायला हवं होतंस गं."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

महिनाभर त्याचा फोन नाही. वहिनीकडूनच कळलं की त्याने मालकांना "दोन महिने करून बघतो" म्हटलंय. मग एका रविवारी त्याच्याकडे सगळे जेवायला जमलो आणि भाच्याने फर्माईश केली, "शर्टाची गोष्ट!" मी दादाकडे पाहिलं.

"सांग," तो म्हणाला. "पण नीट सांग."

"मी सात वर्षांची होते. माझे केस कापलेले होते," मी सुरुवात केली. हातवारे नाहीत, आवाज नाहीत. शेवटचं वाक्य कुणी म्हटलं नाही. भाचा म्हणाला, "ही काही मजेशीर नाही," आणि दादा म्हणाला, "हो रे. पण ही बरोबर बसते."

निघताना घरातले सगळेच मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाले. दादाने दाराला कुलूप लावलं, एकदा ओढलं आणि चालायला लागला. वहिनीने आणि मी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही, नजर लागेल म्हणून. कोपऱ्यावर तो थांबला. वाटलं, आता परत जाऊन कुलूप ओढणार.

"तुझा चष्मा आत राहिला," तो म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "जा, घेऊन ये. कुलूप नीट लाव. विसरभोळी."

मी चष्मा घेतला, कुलूप लावलं, ओढलं. अर्ध्या वाटेवरून परत गेले आणि पुन्हा ओढलं. तो कोपऱ्यावर उभा राहून माझ्याकडे बघत होता.